ठरलेली संध्याकाळ

मुंबईतल्या बहुतेक खासगी कलादालनांचे दरवाजे सकाळी अकराच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळी सहा-सातला बंद होतात. रविवारी तर बरीचशी बंदच असतात. फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंट इथे नोकरीला येणाऱ्या माणसाच्या कामाच्या वेळाही जवळपास ह्याच. कुलाब्यापासून काळा घोड्यापर्यंतच्या पायी चालता येईल एवढ्या पट्ट्यात देशातली काही उत्तम समकालीन चित्रे फुकट पाहायला मिळतात, त्याच पट्ट्यात रोज लाखो माणसे लोकलने येतात, आणि घड्याळ या दोघांची गाठ पडू देत नाही. या अडचणीवर दक्षिण मुंबईतल्या गॅलऱ्यांनी मिळून एक साधा उपाय काढला. महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री साडेनऊपर्यंत दारे उघडी ठेवायची. ‘आर्ट नाइट थर्सडे’ या नावाने ही संध्याकाळ ओळखली जाते. तिकीट नाही, निमंत्रणपत्रिका लागत नाही. नव्या प्रदर्शनाचे उद्घाटन पुष्कळदा याच दिवशी ठेवतात, त्यामुळे चित्रकारही तिथे भेटतो. मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना या संध्याकाळची खबर आहे, आणि ज्यांना आहे त्यांतले अनेक जण तिला श्रीमंतांच्या ओळखीपाळखीचा कार्यक्रम समजतात. माझे म्हणणे याच्या उलट आहे. चित्रे पाहण्याची सवय महाराष्ट्रात रुजायची असेल तर वर्षातून एकदा भरणाऱ्या महोत्सवापेक्षा महिन्याची ही ठरलेली संध्याकाळ कितीतरी अधिक उपयोगाची आहे. आपण शास्त्रीय संगीताच्या बाबतीत हे करून दाखवलेले आहे. तिथे तयार झालेल्या कानाची मदत डोळ्याला व्हावी, म्हणूनच या संध्याकाळीला संगीताची जोड मिळाली पाहिजे.

ही रीत मुंबईत जन्मलेली नाही. अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिॲटल शहरात १९८१ साली पायोनियर स्क्वेअर या जुन्या भागातल्या गॅलऱ्यांनी महिन्याच्या पहिल्या गुरुवारी एकाच वेळी दारे उघडी ठेवायला सुरुवात केली. १८८९च्या मोठ्या आगीनंतर उभ्या राहिलेल्या विटांच्या इमारतींचा हा भाग. पडझडीला आलेला, म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून चित्रकारांना परवडणारा. १९७० साली शहराने त्याला ऐतिहासिक क्षेत्र म्हणून संरक्षण दिले नसते, तर तिथे आज वाहनतळ उभे असते. एका जुन्या हॉटेलाच्या जागी खरोखरच वाहनतळ उभे राहिले होते, आणि जतनाची चळवळ पेटली ती त्यातूनच. गॅलऱ्यांचा हिशेब व्यापारी होता. प्रत्येकाने वेगळ्या दिवशी उद्घाटन केले तर प्रत्येकाकडे आपापलीच ओळखीची माणसे येतात. सगळ्यांनी एकाच दिवशी केले तर एकाकडे आलेला माणूस दहा जणांकडे जातो. पुढे पोर्टलंडने १९८६मध्ये पहिला गुरुवार धरला, फिलाडेल्फियाच्या ओल्ड सिटी भागाने १९९१मध्ये पहिला शुक्रवार धरला, आणि २०१२मध्ये ही कल्पना दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनपर्यंत पोचली. यातल्या बहुतेक ठिकाणी रस्त्यावर कोणी ना कोणी वाजवणारे, गाणारे असतातच. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना मधला रस्ता मोकळा, गाता राहतो.

व्यापाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी काढलेल्या या युक्तीत एक गोष्ट नकळत साधली गेली. दिवस ठरला. आज कुठे काय आहे हे शोधावे लागत नाही. या महिन्यात जमले नाही तर पुढच्या महिन्यात जाऊ, असे म्हणता येते, आणि असे म्हणता येणे फार मोलाचे आहे. काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरतो, गोव्यातला सेरेंडिपिटी महोत्सव २०१६पासून पणजीत डिसेंबरात भरतो. दोन्हींनी मोठे काम केले आहे, आणि दोन्हीकडे लोटणारी गर्दी कलेला इथे प्रेक्षक नाही या समजाला खोडून काढते. पण महोत्सवात माणूस सगळे एकदाच पाहून घ्यायला येतो. शेकडो कार्यक्रम, मांडणशिल्पांपुढे फोटोसाठी रांग, पायांना गोळे. नवव्या दिवशी मांडव उतरतो आणि पुढचे अकरा महिने त्या माणसाचा आणि चित्राचा संबंध येत नाही. आषाढीला लाखो लोक पंढरपूरला जातात, पण पंढरीची वाट वर्षभर जागती राहते ती दर महिन्याच्या एकादशीला न चुकता जाणाऱ्या वारकऱ्यांमुळे. चित्रकलेला आज आषाढी आहे, महिन्याची वारी नाही.

महाराष्ट्रात शास्त्रीय संगीताचा जाणता श्रोता कसा तयार झाला, हे इथे नीट पाहायला हवे. भीमसेन जोशींनी १९५३ साली पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि तो थोर आहे यात शंका नाही. मात्र सवाईच्या मंडपात बसणारा कान मंडपाबाहेर तयार झाला होता. गिरगावच्या लक्ष्मीबागेतल्या बैठकी, सांताक्रूझचे सबर्बन म्युझिक सर्कल, दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, कोल्हापूरचा गायन समाज देवल क्लब, आणि गावोगावची अशी मंडळे. वार्षिक वर्गणी भरलेले सभासद, भारतीय बैठक, ठरावीक मुदतीने होणारा कार्यक्रम. कधी नावाजलेला गवई, कधी कोणाचा नुकताच तयार झालेला शिष्य. सभासद दोघांनाही ऐकायचे, कारण कार्यक्रम सर्कलचा होता आणि वर्गणी भरलेली होती. पंधरा-वीस वर्षे असे ऐकल्यावर पोस्टातला कारकून किंवा शाळामास्तर समेवर बरोबर मान हलवू लागायचा, आणि बागेश्रीत पंचम किती लागला यावर घरी जाताना वाद घालायचा. त्याने संगीताचे एकही पुस्तक वाचलेले नसायचे. नियमितपणाने त्याला शिकवले होते. कानसेन घडवणारी ही व्यवस्था आपल्याकडे शतकभर चालली; डोळ्यासाठी तशी व्यवस्था आपण कधी उभारलीच नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली निघाले, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८मध्ये. चित्रकार घडवण्याची सोय सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी झाली. प्रेक्षक घडवण्याचे मात्र राहून गेले.

त्याचा परिणाम रोज दिसतो. वासुदेव गायतोंडे नागपुरात जन्मले, गिरगावात वाढले, जे. जे.त शिकले. मराठी वर्तमानपत्रांत त्यांचे नाव ठळक झाले ते २०१३ साली, मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचे चित्र २३.७ कोटींना गेले तेव्हा. पुढे २०२१मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात जवळपास ४० कोटी झाले, २०२५मध्ये सॅफ्रनआर्टच्याच लिलावात ६७ कोटी. रकमेची बातमी प्रत्येक वेळी आली आणि प्रत्येक वेळी लोकांनी विचारले, ‘यात आहे तरी काय?’ प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला हसणे चूक आहे. पण हाच माणूस यमनचा आलाप ऐकताना ‘याचा अर्थ काय’ असे विचारत नाही. गवई अर्धा तास निषादाभोवती फिरतो, शब्द एकही नाही, गोष्ट नाही, आणि श्रोता तृप्त असतो. स्वरांच्या बाबतीत अर्थ न मागता थांबण्याची ताकद त्याच्याजवळ आहे. गायतोंड्यांच्या, प्रभाकर बरव्यांच्या, प्रभाकर कोलत्यांच्या चित्रांपुढे उभे राहायला लागते ती हीच ताकद. नवे काही शिकवायचे नाही, कानाजवळ असलेले डोळ्याला द्यायचे आहे. कलादालनाच्या संध्याकाळीत संगीत हवे असे मी म्हणतो ते या कारणासाठी. गर्दी जमवायला किंवा वातावरण प्रसन्न करायला संगीत नको. तंबोऱ्यांच्या स्वरांत वीस मिनिटे शांत बसलेला माणूस उठून भिंतीपाशी गेला तर तो वेगळ्या गतीने पाहतो. घाई कमी होते. मुंबईच्या दुसऱ्या गुरुवारात संगीत हा ठरलेला भाग कधी झाला नाही, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या शहराने ही रीत उचलायची ठरवली तर तिथे पहिली दुरुस्ती हीच करावी लागेल.

चित्र आणि संगीत यांना एका छताखाली आणणे ही काही बाहेरून आणलेली हौस नाही. ब्रीच कँडीला, तेव्हाच्या वॉर्डन रोडवर, भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती. १९५०-६०च्या दशकांत तिथे हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ होते, इब्राहिम अल्काझींच्या थिएटर युनिटचे काम चाले, आणि रविशंकरांच्या किन्नर संगीत विद्यालयाची सतारही तिथेच ऐकू येई. एका खोलीत रंग वाळत आहे, शेजारच्या खोलीत तालीम चालू आहे, आणि माणसे दारे न वाजवता इकडून तिकडे जात आहेत. त्या पिढीच्या चित्रकारांना संगीताचा आणि नाटकवाल्यांना चित्राचा जो लळा होता, त्याचे एक कारण अशा इमारतीत आहे. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची इमारत घ्या. १९९६मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. त्याआधी ती १९११मध्ये बांधलेली सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृहाची वास्तू होती, आणि तिथे मैफली आणि राजकीय सभा गाजत. पलीकडच्या जहांगीर आर्ट गॅलरीत १९६४ ते २०१५ अशी पन्नासहून अधिक वर्षे ‘समोवार’ हा कॅफे होता. पराठा आणि चहासाठी आलेली किती माणसे जाता जाता चित्रे पाहून गेली याची मोजदाद कोणी केलेली नाही, पण चित्रकार, कवी, पत्रकार, कॉलेजची मुले यांची ती एकत्र बसायची जागा होती, हे मुंबईच्या सांस्कृतिक इतिहासात नोंदलेले आहे. समोवार बंद झाले तेव्हा शहराने एका कॅफेसाठी एवढा शोक केला, कारण चित्रांच्या घरात काही विकत न घेता बसून राहण्याची परवानगी त्या जागेने दिली होती.

पहिला आक्षेप इथेच येतो. गॅलरी हे दुकान आहे. विकल्या गेलेल्या चित्राच्या किमतीतला तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतचा भाग तिच्याकडे जातो. मग दुकानदारांनी दुकान उशिरापर्यंत उघडे ठेवले, यात सांस्कृतिक कार्य कसले? आक्षेपातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र त्यातून निघत नाही. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास दुकानांतूनच गेलेला आहे. केकू गांधींचा मूळ धंदा चित्रांच्या चौकटी बनवण्याचा. ‘केमोल्ड’ हे नाव केमिकल मोल्डिंग या त्यांच्या कारखान्याच्या नावावरून आलेले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या गटातल्या तरुण चित्रकारांना भिंत मिळत नव्हती तेव्हा केकूंनी आपल्या चौकटींच्या दुकानात त्यांची चित्रे लावली. १९६३ साली त्यांनी आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी सुरू केली, त्याच वर्षी फ्लोरा फाउंटनजवळ पुंडोले आर्ट गॅलरी निघाली. तेव्हा सरकारी संग्रहालय समकालीन चित्रे दाखवायला मुंबईत नव्हते. ते यायला अजून तेहतीस वर्षे होती. मधल्या काळात लोकांनी जे पाहिले ते जहांगीरसारख्या न्यासाच्या जागेत आणि या दुकानांत पाहिले, आणि दुकानाने पाहणाऱ्याकडून पैसे घेतले नाहीत. पुस्तकाच्या दुकानात उभ्याने वाचून मोठी झालेली मराठी पिढी आहे. तिला हे वेगळे समजावून सांगायला नको. धोका आहे तो वेगळ्या जागी. गॅलरीला ग्राहक मोजके लागतात, आणि तिची वागणूक त्या मोजक्यांसाठी घडत जाते. कुलाब्यातल्या अनेक गॅलऱ्या जुन्या इमारतींच्या आत, जिना चढून, कोणी घंटा वाजवली तर उघडणाऱ्या दारामागे आहेत. फुकट असणे आणि आत जाण्याची हिंमत होणे यात अंतर असते. ठरलेल्या संध्याकाळी दार आधीच उघडे असते, जिन्यावर आणखी चार माणसे असतात, आणि ‘आपण काय घ्यायला आलात’ असे कोणी विचारत नाही. दुकानाने महिन्यातून एकदा स्वतःहून दुकानपण बाजूला ठेवणे हीच या संध्याकाळची खरी कमाई.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे, आणि त्याला कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा दाखला आहे. तिथे जानेवारी २००६मध्ये टेलिग्राफ ॲव्हेन्यूच्या आसपासच्या आठ छोट्या गॅलऱ्यांनी ‘आर्ट मर्मर’ सुरू केले. महिन्याचा पहिला शुक्रवार. काही वर्षांत रस्ता बंद करावा लागला, खाण्याच्या गाड्या आल्या, बँड आले, आणि गर्दी वीस हजारांच्या घरात गेल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गॅलऱ्यांच्या आत चित्रापुढे थांबायला जागा उरली नाही. बाहेरच्या बहुतेकांना आत गॅलऱ्या आहेत याचाच पत्ता नव्हता. १ फेब्रुवारी २०१३च्या रात्री, कार्यक्रम आटोपत असताना, तिथे गोळीबार झाला. अठरा वर्षांचा एक मुलगा ठार झाला, तीन जण जखमी झाले. त्यानंतर वेळ कमी केली गेली, बंदोबस्त वाढला. रस्त्यावरचा उत्सव आणि गॅलऱ्यांची संघटना यांचे मार्ग वेगळे झाले, आणि गॅलऱ्यांनी शांतपणे पाहू इच्छिणाऱ्यांसाठी शनिवारची दुपार निवडली. यावरून आक्षेप घेणारे म्हणतात की संगीत आणि गर्दी आणा, चित्र हरवलेच समजा.

ओकलंडचा धडा खरा आहे, पण तो संगीताविरुद्ध नाही, प्रमाणाविरुद्ध आहे. आठ खोल्यांच्या कार्यक्रमाला रस्ताभर ध्वनिक्षेपक लागले तेव्हा तो दुसराच कार्यक्रम झाला, आणि त्या दुसऱ्या कार्यक्रमाचीही शहराला गरज होती. तरुणांना रात्री एकत्र यायला दुसरी मोफत जागा नव्हती म्हणून तर एवढी माणसे आली. चूक झाली ती दोन्ही गरजा एकाच संध्याकाळीवर लादण्यात. मुंबईत कायदाच आपल्याला मर्यादा घालून देतो, आणि मला ती मर्यादा हितकारक वाटते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. सवलत वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती आणि तीही मध्यरात्रीपर्यंत. रुग्णालये, शाळा-महाविद्यालये आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या शंभर मीटरच्या पट्ट्यांसाठी शांतता क्षेत्राची तरतूद आहे, आणि काळा घोड्याच्या आसपास उच्च न्यायालय आहे, विद्यापीठ आहे, शाळा आहेत. तेव्हा इथे स्टेज नको, भिंतीएवढे स्पीकर नकोत. बंद खोलीत, माइकशिवाय, तीस-चाळीस माणसांपुढे सारंगी किंवा व्हायोलिन किंवा नुसता गळा. ख्याल असा खोलीत ऐकण्यासाठीच घडला, माइक त्याच्या आयुष्यात फार उशिरा आला. एका खोलीत गाणे, बाकीच्या नऊ खोल्यांत शांतता. ज्याला ऐकायचे तो ऐकेल, ज्याला नुसते पाहायचे त्याच्या पाहण्यात व्यत्यय येणार नाही. पुण्यात १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले तेव्हा त्याच आवारात कलादालनही ठेवले गेले. नाटक सुरू व्हायला वेळ आहे म्हणून किंवा मध्यंतरात पाय मोकळे करायला निघालेला प्रेक्षक तिथल्या प्रदर्शनात शिरतो, हे पुणेकरांना नवीन नाही. गाणे-नाटक आणि चित्र एकमेकांना बुडवत नाहीत, मधे एक भिंत आणि चार पावले ठेवली की पुरते.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही, आणि जे आहे ते मागणीच्या रूपात आहे. ही संध्याकाळ शहराच्या एका टोकाला, एका वर्गासाठी, एका भाषेत होते. सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रे काढत राहिले. इराणी हॉटेलातला एकटा माणूस, लोकलमधली माणसे, गिरणगावाची बदलती वस्ती हे त्यांचे विषय. त्यांच्या चित्रांतली माणसे आणि त्या चित्रांपुढे वाइनचा ग्लास घेऊन उभी राहणारी माणसे यांच्यात किती अंतर आहे, हे कोणी पटवर्धनांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन २००८च्या सुमारास ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय कलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले, मराठीत बोलून, समजावून. लोक आले, त्यांनी प्रश्न विचारले. प्रेक्षक नाही ही तक्रार मुंबईच्या गॅलऱ्या करतात तेव्हा त्या प्रदर्शनाची आठवण ठेवावी. मुंबईतल्या गॅलऱ्यांत भिंतीवरची माहिती आजही बहुधा इंग्रजीतच असते. वास्तविक महिन्यातून एका संध्याकाळी मराठीत एक पान छापायला आणि मराठीत अर्धा तास चित्रांमधून फिरवून आणायला फारसा खर्च येत नाही. चित्रकार मराठी, चित्रातली माणसे मराठी, आणि त्यांच्याविषयीचे वाक्य तेवढे मराठीत नाही, ही स्थिती बदलणे गॅलऱ्यांच्या हातात आहे.

अंतराचा प्रश्न मात्र थोडा सुटला आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. हुतात्मा चौक स्थानकातून बाहेर पडले की काळा घोडा पायी काही मिनिटांवर. अंधेरीहून किंवा मरोळहून दुसऱ्या गुरुवारी यायचे आणि साडेनऊला परत निघायचे, हे आता घामाघूम न होता जमू शकते. तरी डोंबिवली, विरार, पनवेलच्या माणसाने दरमहा फोर्टला यावे, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. संध्याकाळच त्याच्याकडे गेली पाहिजे. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत कलादालन आहे आणि त्याच इमारतीत रवींद्र नाट्य मंदिर आहे. वरळीला नेहरू सेंटरची कला दालने आहेत, ठाण्यात कापूरबावडीला महापालिकेचे कला भवन आहे. जागा सार्वजनिक आहेत, गाणारे-वाजवणारे त्या त्या परिसरात आहेत, संगीत मंडळे आहेत आणि त्यांना कार्यक्रमासाठी परवडणारी जागा हवीच असते.

जागेचा हा मुद्दा शेवटी सगळ्यात निर्णायक ठरतो. अशा संध्याकाळी एखाद्या भागाला नाव मिळवून देतात, नावाबरोबर भाडे चढते, आणि ज्यांनी नाव मिळवून दिले त्यांनाच बाहेर पडावे लागते. ओकलंडमध्ये तंत्रज्ञान कंपन्यांच्या भरभराटीबरोबर भाडी एवढी वाढली की कलावंत राहण्याजोग्या नसलेल्या गुदामांत राहू लागले. डिसेंबर २०१६मध्ये तिथल्या ‘घोस्ट शिप’ नावाच्या अशाच गुदामात संगीताचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसे गेली. सिॲटलमध्येही चित्रकारांची एक मोठी जुनी इमारत २०११च्या सुमारास बोगद्याच्या कामासाठी रिकामी करावी लागली. पण त्याआधीच, २००४ साली, त्याच पायोनियर स्क्वेअरमध्ये ताशिरो-कापलान या जुन्या इमारतींचे रूपांतर करून कलावंतांसाठी परवडणाऱ्या भाड्याची पन्नास घरे-स्टुडिओ आणि खाली गॅलऱ्यांसाठी गाळे तयार केले गेले होते. चार दशकांनंतरही तिथला पहिला गुरुवार टिकून आहे, याचे एक मोठे कारण ती इमारत आहे. आपल्याकडे भुलाभाई इन्स्टिट्यूटची वास्तू पाडली गेली आणि तिच्याबरोबर चित्र-संगीत-नाटकाचा तो शेजारही गेला. कुलाबा-फोर्टमधल्या आजच्या गॅलऱ्या ज्या जुन्या इमारतींत आहेत त्यांच्यावर पुनर्विकासाची नजर आहेच. खासगी गॅलऱ्यांच्या भाड्याची हमी सरकारने घ्यावी असे मी म्हणत नाही. पण जी दालने सरकारच्या, महापालिकांच्या आणि न्यासांच्या मालकीची आहेत त्यांना भाडेवाढ हुसकावू शकत नाही. ही रीत टिकवण्याची खरी ताकद त्यांच्याकडेच आहे.

त्यांच्याकडून मागायचे ते फार नाही. महिन्यातला एक वार ठरवावा आणि तो कोणत्याही कारणाने बदलू नये. त्या दिवशी दालन रात्री साडेनऊपर्यंत उघडे ठेवावे. दोन पहारेकऱ्यांचा आणि एका व्यवस्थापकाचा अडीच तासांचा जादा भत्ता, एवढाच त्याचा खर्च. परिसरातल्या संगीत मंडळाला एक खोली मोफत द्यावी, मानधन मंडळाने आपल्या वर्गणीतून द्यावे. चित्रकाराने हजर राहून मराठीत बोलावे. पहिल्या महिन्यात वीस माणसे येतील, तिसऱ्या महिन्यात कदाचित पंधराच. संगीत मंडळांच्या जुन्या चिटणीसांना हे आकडे ओळखीचे वाटतील; पावसाळ्यातल्या बैठकीला ते तेवढ्याच सभासदांपुढे सतरंज्या घालत आले आहेत, आणि पुढच्या महिन्याचा कलाकार त्याच रात्री पक्का करून मग घरी गेले आहेत.